भटका कोंबडा सांभाळताय? आधी महिनाभर वेगळा ठेवा



बाजारात टोपलीतून निसटलेला किंवा नवसाचा म्हणून देवळापाशी सोडलेला कोंबडा कधीतरी वस्तीवर येऊन राहतो. कुत्र्या-मुंगसापासून त्याचा जीव जरूर वाचवा. पण त्याच संध्याकाळी त्याला आपल्या खुराड्यात घालू नका. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी तसे केले. पंधरवड्यात त्यांच्या १८ पैकी १४ कोंबड्या माना वाकड्या होऊन मेल्या. अंडी विकून चालणारा घरखर्च थांबला. कोंबडा मात्र शेवटपर्यंत ठणठणीत होता.

धोका कशाचा?

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूजन्य रोग आहे. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण २ ते १५ दिवस लागतात. पूर्वी लस मिळालेला पक्षी स्वतः आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकतो. म्हणून वरवर पाहून निर्णय घेऊ नका. याशिवाय देवी, सर्दी, जंत आणि उवाही नव्या पक्ष्याबरोबर येतात.

कसा पकडावा?

दिवसा मागे धावू नका. पक्षी धापा टाकून दगावू शकतो. अंधार पडल्यावर कोंबड्याला नीट दिसत नाही. तो बसला की अंगावर कापड टाका आणि दोन्ही पंख अंगालगत धरून उचला. पाय धरून उलटा लटकवू नका. पायाच्या काट्यापासून हात जपा.

वेगळा ठेवताना

- आपल्या कोंबड्यांपासून शक्य तितक्या दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सावलीत डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ३ ते ४ आठवडे ठेवा.
- पहिल्या दिवशी आधी स्वच्छ पाणी द्या. मग थोडी थोडी कणी, ज्वारी किंवा बाजरी द्या.
- पाण्याचे भांडे, झाडू आणि चप्पल वेगळी ठेवा. रोज आधी आपल्या कोंबड्यांचे काम उरका, मग याचे. नंतर साबणाने हात धुवा.
- पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा पाहा. पायाचे खवले उचललेले असतील तर ती खरूज असू शकते.
- हिरवट पातळ विष्ठा, घरघर, लुळा पंख, वाकडी मान किंवा काळानिळा तुरा दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मी कृषी शाखेचा. जंतनाशक किंवा इतर औषध कोणते व किती, हे पशुवैद्यकालाच ठरवू द्या.

याच काळात तुमच्या कोंबड्यांचे राणीखेत लसीकरण राहिले असेल तर करून घ्या. प्रतिकारशक्ती यायला साधारण २ आठवडे लागतात. कोंबडा आत सोडायच्या दिवशी लस टोचून उपयोग नाही.

मालक शोधा

शेजारी, आठवडी बाजार आणि ग्रामपंचायतीत विचारा. कोंबडा कुणाचा तरी असू शकतो. परस्पर विकल्यास भांडण ओढवेल.

कायमचे घर

गावरान कळपात ८ ते १० कोंबड्यांमागे एक नर पुरतो. तुमच्याकडे आधीच नर असेल तर दोघे रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतील. अशा वेळी नर नसलेल्या घरी, विलगीकरण पूर्ण करूनच, कोंबडा द्या. झुंजीसाठी मागणाऱ्याला देऊ नका. प्राण्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

स्वतःकडे ठेवायचा असल्यास आधी ४-५ दिवस जाळीच्या पलीकडे, एकमेकांना दिसेल असा ठेवा. मग संध्याकाळी खुराड्यात सोडा आणि सकाळी लवकर उठून लक्ष द्या. खाण्या-पिण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवली की मारामारी कमी होते.

कृषी सहायक आणि पशुसखींसाठी

एकाएकी अनेक पक्षी मेल्याचे कळले तर मेलेले पक्षी उघड्यावर किंवा नाल्यात टाकू देऊ नका, विकूही देऊ नका. लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा. देशात पाळीव कोंबड्यांतील पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला होता.

एका कोंबड्याला महिनाभर रोज मूठ-दोन मूठ दाणे लागतील. मेलेला कळप पुन्हा उभा करायला त्याहून कितीतरी जास्त खर्च येतो.