बॉयलर भरण्याचे पाणी

साखर कारखान्याच्या गळीत हंगामारंभी वाफ निवून परत मिळणारे शुद्ध पाणी उपलब्ध नसते. बॉयलर विहिरीच्या वा नदीच्या पाण्याने भरावा लागतो. असे पाणी पिण्यास उत्तम असले, तरी त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा उष्णतेने नळ्यांत कठीण थर जमतो. या थरामुळे इंधन अधिक जळते, नळीचा धातू प्रमाणाबाहेर तापतो आणि नळी फुटल्यास कामगारांच्या जिवावर बेतते. म्हणून पाणी प्रथम मृदुकरण यंत्रातून घ्यावे. त्यातील रेझिनचे कण कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे घेऊन मोबदल्यात सोडियम देतात. त्यांची शक्ती क्षीण होताच मिठाच्या पाण्याने ती पूर्ववत करता येते. पोलाद गंजविणारा विरघळलेला प्राणवायूही पाणी तापवून घालवावा. पाणी तपासल्यावाचून बॉयलर पेटवू नये.