पोकलेनच्या विजेचा दोष

बारामती-इंदापुराकडे शेततळें खोदण्यास पोकलेन लावणें आतां नित्याचें झालें आहे. इंजिन सुरळीत चालूं असूनहि बूम, बकेट, चाल सारेंच बंद पडल्यास पंप खोलण्याची घाई करूं नये. तो खर्च भारी पडतो. चालकाच्या डाव्या बाजूचा सुरक्षा-दांडा प्रथम पाहावा. त्याच्या स्विचांतून सोलेनॉइडास वीज पोंचली, तरच कंट्रोलचें तेल पुढें जातें. मग फ्यूज पाहावा. तो शाबूत असल्यास इंजिन बंद, किल्ली चालू व दांडा कामाच्या स्थितींत ठेवून सोलेनॉइडच्या प्लगांत मीटर लावावा. बहुतेक यंत्रांत दोन बॅटऱ्यांचे मिळून सुमारें २४ व्होल्ट दिसतात. दिसल्यास दोष कॉइलचा वा झडपेचा; न दिसल्यास स्विच, वायर, अर्थिंग तपासावें. फ्यूज वारंवार जळतो म्हणून जाड तार घालणें हा शुद्ध अविचार होय. घासलेली वायर शोधावी.