कोणती सिरीज बघू? आणि बघताना काय शोधू?

वन्यजीवांवर पीएचडी करतेय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, मग कोणती सिरीज बघू?" यावेळी तो कारंज्याहून आत्येभावानं विचारलाय. त्याची दहावीची परीक्षा संपलीये आणि मोबाईलमध्ये रोजचा डेटा पडून आहे. म्हणून ही पोस्ट. यादी छोटीच आहे, पण कशात काय शोधायचं तेही सांगते.

सुरुवात 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स'पासून करा. डेव्हिड ॲटनबरोंची 1995 सालची, सहा भागांची मालिका. वाघ-सिंह नाहीत, झाडंच झाडं. कंटाळवाणी वाटेल असं समजू नका. समजा एखाद्या वेलीचा दर 10 मिनिटांनी एक फोटो काढला, तर 24 तासांत 144 फोटो होतात. ते सेकंदाला 25 या वेगानं दाखवले की वेलीचा अख्खा दिवस जेमतेम 6 सेकंदांत सरतो. मग दिसतं की वेलीचं टोक आधार शोधत हवेत गोल गोल फिरतंय. अंगणातला दोडक्याचा वेलही हेच करतो, फक्त आपल्याला ते दिसण्याइतका धीर नसतो.

दुसरी 'प्लॅनेट अर्थ 2' (2016). तिच्यातले गवताळ प्रदेश आणि शहरं हे दोन भाग आधी बघा. शहरांच्या भागात आपल्या मुंबईचे बिबटे आहेत, रात्री डुकरांची शिकार करताना. अंधारात ते दिसतात कारण तो कॅमेरा प्रकाश नाही, अंगातली उष्णता टिपतो.

आता खरी गोम. अशा मालिका बघून वाटायला लागतं की प्राणी सतत पळतात, भांडतात, नाहीतर कुणाला तरी खातात. कॅमेरावाले महिनोन्महिने थांबतात आणि आपल्याला त्यातली काही मिनिटं दाखवतात. त्यात फसवणूक नाही, पण निवड आहे. आणि नेमकी हीच निवड संशोधनात घात करते. जीन ऑल्टमन या केनियात बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. 1974 साली त्यांनी निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला, तो आजही आम्हाला वाचावाच लागतो. त्यांचं म्हणणं साधं होतं: जे नजरेत भरलं तेच वहीत लिहिलंत, तर वहीत प्राण्याचं आयुष्य येत नाही, तुमचं लक्ष कुठं गेलं तेवढंच येतं. यावर एक उपाय म्हणजे घड्याळ. ठरलेल्या वेळेला मान वर करायची आणि त्या क्षणी कळपातला प्रत्येक प्राणी काय करतोय ते लिहायचं. चरतोय, बसलाय, रवंथ करतोय, उभा आहे. रटाळ काम आहे, खोटं कशाला बोलू! पण 'काळवीट दिवसातला किती वेळ चरतं' याचं उत्तर असंच मिळतं.

'फ्रोझन प्लॅनेट'वरून (2011) झालेला वाद तुम्ही कदाचित ऐकला असेल. ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचं दृश्य बर्फातल्या गुहेतलं नव्हतं, युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयातलं होतं. जंगलातल्या मादीच्या गुहेत कॅमेरा घालणं धोक्याचं, हे मला पटतं. पण पडद्यावर त्याच वेळी तसं सांगायला काय हरकत होती?

हे सगळं आपल्या जिल्ह्याशी कसं जोडलंय ते सांगते. कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य, जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. तिथं मालिकेत शोभेल असं घनदाट काही नाही. गवत, खुरटी झुडपं, ऊन. पडद्यावर निसर्ग म्हणजे हिरवं जंगल हे इतक्यांदा पाहिलेलं असतं, की असा माळ दिसला की आपण लगेच 'पडीक' म्हणतो. सरकारी नकाशेही तेच म्हणतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी भारतातल्या कोरड्या भागातल्या अशा मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा केला. त्या देशाच्या साधारण 10 टक्के जमिनीवर आहेत, त्यातला बराच भाग 'वेस्टलँड' म्हणून नोंदलेला आहे आणि 5 टक्क्यांहून कमी भागाला संरक्षण आहे. मग चांगल्या हेतूनं तिथं खड्डे खणून झाडं लावली जातात आणि मोकळ्या गवतावर जगणाऱ्या काळविटाची जागा जाते. ते मग वावरात येतं, हरभरा खातं आणि शेतकऱ्याला जागलीला जावं लागतं. त्याच्या रागाला कारण आहेच.

जीवशास्त्राबाहेरचं हवं असेल तर दोन नावं. कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' (1980) आणि चंदिता मुखर्जी यांची दूरदर्शनवरची 'भारत की छाप' (1989), दोन्ही 13 भागांच्या. दुसरीचं चित्रण जुनं वाटेल, गाणी थोडी लांबतात, पण आपल्याकडचं विज्ञान कुणाच्या हातून घडलं हे इतकं सविस्तर दाखवणारी मालिका मला दुसरी सापडलेली नाही.

आणि आत्येभावासाठी खास: दोन-तीन भाग झाले की पहाटे वही-पेन घेऊन माळाच्या कडेला, धुऱ्यावर बस. हरणांपासून लांबच. दर 10 मिनिटांनी वर बघ आणि लिही, दोन तास. अभयारण्यात जायचं असेल तर आधी वनविभागाकडे प्रवेशाची चौकशी कर. वहीतल्या पानांचा फोटो मला पाठव, टक्केवारी कशी काढायची ते फोनवर सांगते.