विंध्य पर्वत कोठे आहे?

भोपाळहून नर्मदेकडे जाणारा रस्ता सुमारे ७५ किलोमीटरांचा. मंडीदीपचे कारखाने मागे पडले, ओबेदुल्लागंज आले, तरी डोंगर काही लागेना. तेव्हा सहलीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, भूगोलातला विंध्य पर्वत कोठे आहे?" आपण त्याच्या माथ्यावरूनच चाललो आहोत, असे आम्ही सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. आणि त्याची शंका रास्तच होती.

भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले आहे. विंध्याचे हे पठार उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते. दक्षिणेकडे मात्र ते नर्मदेच्या खोऱ्यावर एकाएकी तुटते. हे खोरे म्हणजे दोन्ही बाजूंस भेगा पडून खचलेला भूमीचा पट्टा होय. सह्याद्रीचे रूप असेच आहे. कोकणातून तो भिंतीसारखा दिसतो. देशावरून येणाऱ्यास घाट लागेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना हे आधीच सुचावयास हवे होते! अगस्तींसाठी विंध्याने मान लवविली ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ते उत्तरेकडून आले होते; त्या बाजूने पाहता पर्वत खरोखरच नमलेला दिसतो.

याच डोंगराळ प्रदेशात झिरी गावाजवळ बेतवेचा उगम आहे. नर्मदा तेथून फार लांब नाही. तरी बेतवा तिच्याकडे पाठ फिरवून ईशान्येस वाहते व यमुनेस मिळते. म्हणजे येथे पडलेल्या पावसाचे काही पाणी बंगालच्या उपसागरास जाते, तर काही अरबी समुद्रास.

पुढे रस्त्यापासून थोड्याच अंतरावर भीमबेटका आहे. उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ साली आगगाडीतून जाताना येथील खडक दिसले आणि त्यांनी त्यांचा शोध घेतला. त्या खडकांच्या आडोशाला आदिमानवाने रंगविलेले हरिण, गवे व शिकारी आजही पाहावयास मिळतात. २००३ साली या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला. त्याच आगगाडीतून किती लोक रोज जात असत. पण पाहिले एकानेच.

त्यानंतर रातापाणीचे सागवनी जंगल लागते. २०२४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. येथे रस्ता वळणे घेत खाली उतरू लागतो आणि बुधनीस येतो. तेथून पश्चिमेस वाट वाकडी करून आम्ही पानगुराडियाची टेकडी चढलो. तेथील गुहेत सम्राट अशोकाचा लेख आहे. प्रियदर्शी म्हणून ओळखला जाणारा राजा राजकुमार असताना आपल्या सहचरीसह विहारयात्रेस येथे आला होता, असा अर्थ विद्वान लावतात. विहारयात्रा म्हणजे सहलच की! कलिंगावर चालून जाणाऱ्या अशोकाची गोष्ट मुलांना पाठ होती. सहलीस आलेला अशोक त्यांना नवा होता. उतरताना तीच चर्चा चालली होती.

सायंकाळी पूल ओलांडून आम्ही नर्मदापुरमच्या सेठानी घाटावर पोहोचलो. २०२२ पर्यंत या गावाचे अधिकृत नाव होशंगाबाद होते. पायऱ्यांवर बसून मुलांनी मागे उत्तरेकडे पाहिले. नदीपलीकडे, बुधनीच्या मागे, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत निळसर डोंगरांची रांग उभी होती. सकाळी प्रश्न विचारणारा विद्यार्थी पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "सर, आपण तेथून आलो?"