काटोलच्या बागेत समुद्राचं शेवाळ

काटोलला माझं कृषी केंद्र आहे. आंबिया बहाराचं सेटिंग सुरू झालं की दुकानात एक प्रश्न हमखास येतो : "भाऊ, हे समुद्राचं औषध संत्र्याले कायले लागते?" बाटलीत गडद तपकिरी द्रव असतो; झाकण उघडलं की खारट, ओलसर वास येतो. तो समुद्री शेवाळाचा अर्क. बी.एस्सी.ला मी वनस्पतिशास्त्र शिकलो, म्हणून मला मनापासून वाटतं, की जे आपण झाडावर फवारतो ते मुळात जगतं कसं, हे बागायतदाराला ठाऊक असावं.

मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी मी सरगॅसम नावाचं शेवाळ हातात घेऊन पाहिलं आहे. तपकिरी-पिवळट फांद्या, दातेरी कडांची पाती आणि मधूनमधून वाटाण्याएवढे हवेने भरलेले फुगे. भरतीचं पाणी चढलं की हे फुगे त्याला उजेडाकडे उभं धरतात. बुडाशी चकतीसारखा भाग खडकाला घट्ट चिकटलेला असतो. दिसायला ते मूळ वाटलं, तरी त्याचं काम फक्त धरून ठेवण्याचं. पाणी, नत्र, स्फुरद हे सगळं शेवाळ अंगभर शोषून घेतं. त्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. ओहोटीत ऊन खावं लागतं आणि लाटांचा मार तर रोजचाच. त्याच्या पेशीभित्तिकांमधलं अल्जिनेट ओल धरून ठेवतं आणि फांद्या लवचिक राखतं, म्हणून ते या माऱ्यात तगतं.

समुद्री शेवाळाचे ठोकळ गट तीन : हिरवं, तपकिरी आणि लाल. हरितद्रव्य तिघांतही असतं, पण पाण्यात सूर्यप्रकाशातला लाल भाग वरच्या थरातच संपतो. निळा-हिरवा खाली पोचतो. लाल शेवाळातलं रंगद्रव्य नेमका तोच निळा-हिरवा प्रकाश टिपतं. त्यामुळे लाल शेवाळाच्या काही जाती खोल, अंधुक पाण्यातही अन्न तयार करू शकतात.

त्याचं जीवनचक्र किती फसवं असतं, याचं उत्तम उदाहरण जपानी जेवणातलं नोरी. नोरीचे बीजाणू उन्हाळ्यात कुठे असतात हे जपानी शेतकऱ्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे नोरीचं पीक बेभरवशाचं होतं. 1949 साली कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने दाखवून दिलं, की हे शेवाळ आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म तंतूंच्या रूपात काढतं. त्यावरून शिंपल्यांवर बीजाणू वाढवण्याची पद्धत निघाली आणि नोरीची शेती हुकमी झाली. जपानमध्ये उतो इथे तिचं स्मारक आहे.

समुद्रातला बराचसा प्राणवायू डोळ्यांना न दिसणारे प्लवक तयार करतात. किनाऱ्यालगत अन्न आणि निवारा पुरवण्याचं मोठं काम शेवाळाचं. माशांची पिल्लं, खेकडे, गोगलगायी त्याच्या आडोशाला वाढतात. थंड समुद्रांत केल्प या तपकिरी शेवाळाची जंगलंच असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्री ऊदमांजरांची बेसुमार शिकार झाली, तेव्हा त्यांचं खाद्य असलेल्या सागरी अर्चिनांची संख्या वाढली आणि त्यांनी केल्पचा फडशा पाडला. जंगल गेलं, तसा त्यातल्या जीवांचा आसराही गेला.

आपल्या बाटलीतला अर्क अनेकदा कप्पाफायकस या लाल शेवाळाचा असतो. ते मूळचं फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने भारतात त्याच्या लागवडीचं आणि रस काढण्याचं तंत्र बसवलं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबांतल्या बाया बांबूच्या तराफ्यांना त्याचे तुकडे बांधून पीक घेतात. त्यातलं कॅराजिनन आइस्क्रीम, टूथपेस्ट घट्ट करायला जातं. मात्र हेच शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवत असल्याचं 2008 मध्ये नोंदवलं गेलं. परक्या पाण्यातलं पीक लावताना जपूनच लावावं लागतं.

अर्कात वाढीला चालना देणारी संप्रेरकं आणि पालाश असतो. ताणाच्या काळात झाडाला त्याची मदत होते, पण नत्र-स्फुरद-पालाशाची मात्रा तो भरून काढत नाही आणि प्रत्येक फळगळ थांबवत नाही. गिऱ्हाइकाला मी हे विकण्याआधी सांगतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. काटोलची जाम नदी वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. बागेतून वाहून गेलेला युरिया त्याच वाटेने निघतो. समुद्रात नत्र वाढलं की हिरवं शेवाळ माजतं. 2008 च्या ऑलिंपिकआधी चीनमधल्या चिंगदावच्या किनाऱ्यावर अशा शेवाळाचा प्रचंड थर साचला होता आणि नौकाशर्यतींसाठी तो हजारो माणसांना उपसावा लागला. असं शेवाळ कुजतं तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

म्हणून बागायतदार बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. माती परीक्षण करूनच खत द्या, एकदम न देता हप्त्यांत विभागून द्या, बांध आणि चर नीट राखा. शेवाळाच्या अर्कासारखी जैवउत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. लेबल वाचा आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय बाटली उचलू नका.