‘कडेने’ आणि ‘कडेला’ : बागेतील पालापाचोळा व सायकलस्वाराची सुरक्षितता

मराठीत ‘कड’ ह्या नामाची ‘कडेने’ आणि ‘कडेला’ ही दोन रूपे नित्य वापरात आहेत. पहिल्यातील ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय मार्ग दर्शवितो. दुसऱ्यातील ‘ला’ रूपाने चतुर्थीचा असला, तरी अर्थाने अधिकरणाचा आहे. मुलाला सायकल शिकविताना ‘कडेने चालव’ असे बजावले जाते. अंगण झाडून निघालेला पाला ‘कडेला लोट’ असे सांगितले जाते. एकात गती आहे, दुसऱ्यात स्थिती. रस्त्यावर मात्र दोन्ही रूपांनी निर्दिष्ट होणारी जागा एकच असते : डांबराच्या काठाची दोन-तीन हातांची पट्टी. बागेतील कचऱ्याचे संकलन आणि सायकलस्वाराची सुरक्षितता हे दोन प्रश्न ह्या पट्टीत एकमेकांना भिडतात.

कोल्हापूर परिसराच्या शेतकी भाषेत वनस्पतीच्या अवशेषांना स्वतंत्र नावे आहेत. हिरवा तो पाला, वाळून गळालेला तो पाचोळा. उसाच्या शेंड्याचे ते वाढे, त्याच्या वाळल्या पानांचे ते पाचट, रस काढून उरते ते चिपाड. प्रत्येक नावामागे एक उपयोग उभा आहे. वाढे जनावरांपुढे जाते, पाचटाचे सरीत आच्छादन होते, चिपाड जळणाला लागते आणि पाचोळा उकिरड्यात कुजून शेतात परततो. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्क ह्यांसारख्या बंगल्यांच्या वस्तीत हे उपयोग लोपतात. मग पाला, पाचोळा व छाटलेल्या फांद्या ह्या सर्वांना ‘कचरा’ हे एकच नाव उरते, आणि उपयोगाबरोबर त्यांची ठरलेली जागाही नाहीशी होते.

नागरी व्यवस्थेने दिलेली नवी नावे ही उणीव पुरती भरून काढीत नाहीत. ‘ओला कचरा’ ह्या संज्ञेत ‘ओला’ म्हणजे विघटनशील. पण सामान्य वाचक त्याचा वाच्यार्थच घेतो. त्यामुळे वाळलेला पाचोळा त्याच्या दृष्टीने ओल्यात बसत नाही, आणि कागद-प्लॅस्टिकच्या सुक्यातही नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतील कचरा स्वतंत्रपणे आपल्याच आवारात साठवावा व स्थानिक संस्थेच्या निर्देशानुसार त्याची विल्हेवाट लावावी, असे म्हटले होते. रस्त्यावर कचरा टाकण्यास वा जाळण्यास मनाईही होती. परंतु फांद्यांचा भारा घंटागाडीत सहजी मावत नाही, आणि तो नेणारे वाहन केव्हा येणार हे ठाऊक नसले, म्हणजे भारा फाटकाबाहेर येतो.

ह्या ढिगाचा धोका तीन प्रकारचा आहे. पहिला घसरण्याचा. चारचाकीचे एक चाक घसरले तरी उरलेली तीन तिला सावरतात. सायकलचा तोल मात्र पुढचे चाक वळवूनच राखला जातो. तेच निसटले, तर तोल सावरण्याचे साधनच हातचे जाते. कोरडा पाचोळा चाकाखाली सरकतो. पावसात भिजून कुजलेला पाला टायर व डांबर ह्यांच्यामध्ये बुळबुळीत थर धरतो. दुसरा धोका झाकण्याचा. पाल्याखाली खड्डा दिसत नाही. आणि तोच पाला वाहत जाऊन गटाराच्या जाळीवर बसला, म्हणजे तुंबलेले पाणीही खड्डे झाकते. तिसरा व सर्वांत गंभीर धोका वळसा घेण्याचा. कडेने येणारा सायकलस्वार ढीग दिसताच उजवीकडे सरतो आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या मार्गात जातो. पहाटेच्या अंधारात वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलाला तर हा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. अशा अपघातात पाल्याचा ढीग मागेच राहतो, आणि दोष ‘एकाएकी मध्ये आलेल्या’ सायकलस्वाराच्या माथी येतो.

हा अनुभव केवळ येथलाच नव्हे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस ह्या शहराने १९६७ साली अमेरिकेत प्रथम रस्त्यावर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टे आखले. परंतु बागेतील पाला रस्त्याच्या कडेला ढिगाने ठेवण्याची पद्धतही तेथे रूढ होती, आणि असे ढीग सायकलींच्या पट्ट्यात येत असल्याने त्यांवर दीर्घकाळ वाद चालला. पट्टा आखल्याने जागेला नाव मिळते. ती मोकळी राहीलच असे नाही.

ह्यावरील उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. आवार मोठे असल्यास कोपऱ्यात खड्डा करून पाचोळा तेथेच कुजविता येतो. फांद्या तोडून, मोळी बांधून कुंपणाच्या आत ठेवाव्यात व उचलण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढाव्यात. मात्र त्यासाठी तो दिवस आधी जाहीर व्हावयास हवा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि गटारांची सफाई ही कामे जोडीने व्हावीत. सार्वजनिक सूचनांची भाषाही ह्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ‘कचरा रस्त्याच्या कडेला ठेवावा’ ह्या वाक्यात कड ही रिकामी जागा म्हणून गृहीत धरलेली असते. ‘कुंपणाच्या आत ठेवावा’ असे लिहिल्यास जागा निश्चित होते आणि जबाबदारीही. ‘कडेने’ जाणाऱ्याची वाट निर्वेध राहावी, एवढ्यासाठी ‘कडेला’ हा शब्द अशा सूचनांतून वगळणे इष्ट होय.