ट्रकवरील मीठ-वाळू पसरणी यंत्र

ट्रकवरील मीठ-वाळू पसरणी यंत्र हे हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी किंवा बर्फावरची घसरण कमी करण्यासाठी मीठ, वाळू अथवा दोहोंचे मिश्रण ठरावीक प्रमाणात पसरणारे यंत्र आहे. उत्तर अमेरिकेत ते सॉल्ट स्प्रेडर या नावाने, तर ब्रिटनमध्ये ग्रिटर या नावाने ओळखले जाते. पिकअप ट्रकच्या मागील फळीला टांगलेल्या लहान डब्यापासून महामार्गांवरील अवजड वाहनांपर्यंत त्याचे अनेक आकार असले, तरी कार्यतत्त्व एकच असते. बहुधा रात्री, निसरड्या रस्त्यावर आणि अनेकदा एकट्या चालकाने वापरावयाचे हे यंत्र असल्याने त्याची सुरक्षित हाताळणी आणि देखभाल हे परस्परांत गुंतलेले विषय आहेत.

मीठ आणि वाळू यांचे कार्य

मीठ व वाळू एकाच यंत्रातून पडत असली, तरी त्यांची कामे भिन्न आहेत. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. वजनाने २३.३ टक्के मीठ असलेले द्रावण सुमारे उणे २१ अंश सेल्सियस तापमानाला गोठते आणि साध्या मिठाच्या बाबतीत ही नीचतम मर्यादा आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र तापमान उणे नऊ-दहा अंशांखाली गेले की मिठाचे काम इतके मंदावते की केवळ मीठ पसरण्यात फारसा अर्थ उरत नाही. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकते, तर उणे ९ अंशांच्या आसपास हे प्रमाण जेमतेम ६ किलोंवर येते. येथे तापमान म्हणजे हवेचे नव्हे, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान होय. पुलांना खालूनही थंड हवा लागत असल्याने त्यांचा पृष्ठभाग शेजारच्या रस्त्याआधी गोठतो. अधिक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरले जाते.

वाळू बर्फ वितळवत नाही. ती बर्फावर केवळ खरखरीतपणा आणते. वाळूच्या ढिगात अल्प प्रमाणात मीठ मिसळले जाते ते मुख्यतः ढीग गोठून दगडासारखा होऊ नये म्हणून. त्या मिठाने रस्ता मोकळा होईल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

इतिहास

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात बर्फाळ रस्त्यांवर राख, कोळशाची खर आणि वाळू टाकली जाई. ट्रकच्या हौद्यात उभे राहून मजूर फावड्याने ती उडवत असत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ मध्ये रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर मीठ वापरण्यात आले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पसरले गेले. आज हा वापर एका वर्षात सर्वसाधारणपणे दीड कोटी टनांहून अधिक असतो. युद्धोत्तर काळात महामार्गांचे जाळे वाढले आणि कोणत्याही हवामानात रस्ता मोकळा मिळावा ही अपेक्षा रुजली, तसे फावड्याचे काम यंत्राकडे गेले. स्कॉटलंडमध्ये या वाहनांना नागरिकांनी सुचवलेली विनोदी नावे दिली जातात. 'ग्रिटी ग्रिटी बँग बँग' आणि 'सर सॉल्टर स्कॉट' ही त्यांपैकी दोन. ही वाहने कोठे आहेत, हे आंतरजालावरील नकाशावर पाहता येते.

रचना

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे वर रुंद व तळाशी अरुंद होत गेलेला हॉपर. त्याच्या तळाशी साखळी, पट्टा किंवा ऑगर, म्हणजे मळसूत्राच्या आकाराचा फिरता दांडा, असतो. तो माल मागील बाजूस ओढत नेतो. तेथील झडपेची उंची कमी-जास्त करून किती माल बाहेर पडावा हे ठरवले जाते. झडपेतून निघालेला माल घसरगुंडीवरून खालच्या फिरत्या चकतीवर पडतो आणि चकती तो पंख्यासारखा रस्त्यावर उडवते. हॉपरच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. अनेक यंत्रांत साखळीच्या वर उलट्या पन्हळीसारखा एक पत्रा बसवलेला असतो. त्यामुळे सगळ्या मालाचे वजन साखळीवर येत नाही. यंत्र चालवण्यासाठी छोटे पेट्रोल इंजिन, १२ व्होल्टची विद्युत मोटर किंवा ट्रकची हायड्रॉलिक यंत्रणा वापरतात. मोठ्या यंत्रांवर मिठाच्या द्रावणाची टाकीही असते.

भार आणि बसवणी

नवख्या चालकाची पहिली चूक बहुधा वजनाच्या अंदाजात होते. रस्त्यावर वापरले जाणारे कोरडे मीठ एका घनमीटरला सुमारे १.३ टन भरते, तर ओली वाळू १.९ टनांच्या आसपास. म्हणजे दीड घनमीटरच्या हॉपरमध्ये मीठ भरले तर जवळपास १.९५ टन आणि तोच हॉपर ओल्या वाळूने काठोकाठ भरला तर सुमारे २.९ टन भार होतो. यंत्राचे स्वतःचे वजन, चालक आणि पुढे बर्फ लोटण्याचे पाते असल्यास त्याचे वजन वेगळेच. पिकअप ट्रकच्या वहनक्षमतेचा विचार करता हा फरक गंभीर आहे. हॉपरमध्ये जागा शिल्लक आहे, एवढ्यावरून तो भरता येईल असे समजू नये. वाहनाच्या एकूण वजनाची आणि प्रत्येक आसाची मर्यादा उत्पादकाने दिलेल्या पाटीवर असते. शंका असल्यास भरलेला ट्रक वजनकाट्यावर न्यावा. अतिभारित ट्रक थांबण्यास अधिक अंतर घेतो आणि बर्फावर हे अंतर आधीच अनेक पटींनी वाढलेले असते.

हॉपर हौद्यात शक्य तितका पुढे बसवतात. भार मागील आसाच्या मागे गेला, तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणूची पकड सुटते. बोल्ट आणि साखळ्या किंवा ताणपट्टे अशा दोन्ही प्रकारे यंत्र जखडावे. जोरात ब्रेक लागल्यावर दोन टन वजन केबिनच्या मागील काचेकडे सरकू शकते. माल संपत जातो तसा ट्रक हलका होऊन त्याचे वागणे बदलते, याचेही भान ठेवावे लागते. यंत्रामुळे मागील दिवे झाकले जात असतील, तर ते वेगळ्या जागी बसवणे आवश्यक असते. मीठ उडवत संथ जाणारा ट्रक मागून येणाऱ्यांना दुरून दिसावा म्हणून पिवळा फिरता दिवा लावतात. चिखलाने माखलेला दिवा नसल्यासारखाच असल्याने प्रत्येक फेरीनंतर तो पुसला जातो.

पसरण्याचे प्रमाण

किती मीठ पडत आहे, याचा अंदाज नजरेने येत नाही. त्यासाठी यंत्राचे मापन करावे लागते. चकती बंद ठेवून किंवा काढून, झडप एका खुणेवर लावून यंत्र एक मिनिट चालवतात आणि ताडपत्रीवर पडलेला माल तोलतात. झडपेच्या प्रत्येक खुणेसाठी हे केले की एक तक्ता तयार होतो. तो केबिनमध्ये लावलेला असावा.

समजा, ६ मीटर रुंदीच्या पट्ट्यावर दर चौरस मीटरला १५ ग्रॅम मीठ हवे आहे आणि ट्रकचा वेग ताशी ३० किलोमीटर आहे. ट्रक मिनिटाला ५०० मीटर जातो, म्हणजे ३,००० चौरस मीटर रस्ता व्यापतो; म्हणून यंत्रातून मिनिटाला ४५ किलो मीठ पडायला हवे. याच स्थितीत चालकाने वेग ताशी १५ किलोमीटरवर आणला आणि झडप तशीच ठेवली, तर रस्त्यावर दुप्पट मीठ पडते. चौकाच्या सिग्नलपाशी दिसणारे मिठाचे ढीग बहुधा अशाच प्रकारे साचलेले असतात. आधुनिक यंत्रांतील नियंत्रक चाकांच्या वेगाशी साखळीचा वेग जुळवतो. मात्र त्यालाही प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला मापन लागतेच.

कोरडे मीठ रस्त्यावर आपटून उसळते आणि त्याचा बराच भाग कडेला जातो. ते द्रावणाने भिजवले तर चिकटून राहते आणि लवकर काम सुरू करते. जर्मनीत ७० भाग कोरडे मीठ व ३० भाग द्रावण हे मिश्रण प्रमाणित झाले आहे. चकतीचा वेग वाढवून रुंदी साधण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे खडे पादचाऱ्यांवर आणि उभ्या वाहनांवर आदळतात.

अडकलेला माल मोकळा करणे

या यंत्रावरील सर्वांत धोकादायक काम म्हणजे अडकलेला माल मोकळा करणे. ओलसर मीठ हॉपरच्या उतरत्या भिंतींमध्ये दाबले जाऊन कमान धरते. खाली साखळी रिकामी फिरते आणि वर माल तसाच अधांतरी राहतो. चालक खाली उतरतो, माल पडतो की नाही हे पाहण्यासाठी यंत्र चालूच ठेवतो आणि वर चढून काठीने किंवा पायाने कमान मोडू पाहतो. कमान मोडते तेव्हा तिच्यावर उभा असलेला माणूस मालासह चालू साखळीकडे खेचला जातो. ऑगर असलेल्या यंत्रात कपड्याचे टोक किंवा हातमोजा अडकणेही पुरेसे असते. केबिनमधील कळ तेथून हाताला येत नाही आणि पहाटे तीन वाजता हाक ऐकायला बहुधा कोणी नसते.

दुसरी स्थिती याच्या उलट असते. गोठलेले ढेकूळ किंवा दगड अडकून साखळीच थांबते. येथे यंत्र निपचित दिसते, परंतु साखळीत ताण आणि हायड्रॉलिक नळ्यांत दाब शिल्लक असतो. ढेकूळ निघताच साखळी झटक्याने पुढे सरकते आणि बोटे सापडतात.

दोन्ही स्थितींत क्रम एकच आहे. ट्रक रहदारीपासून बाजूला घ्यावा, हातब्रेक लावावा, यंत्र व ट्रक दोन्ही बंद करावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, विद्युत जोडणी सोडवावी आणि हायड्रॉलिक दाब उतरवावा. किल्ली खिशात ठेवण्याचे कारण साधे आहे: केबिनमध्ये बसलेला सहकारी मदतीच्या हेतूनेच कळ दाबू शकतो. त्यानंतर लांब दांड्याने, जमिनीवरून किंवा ठरलेल्या पायरीवर उभे राहून माल मोकळा करावा. हॉपरच्या आत कोणत्याही कारणाने उतरू नये. तोंडावरची जाळी ढेकळे अडवते आणि माणसालाही अडवते. जाळीमुळे माल भरण्यास वेळ लागतो म्हणून ती काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती दोन्ही अर्थांनी घातक आहे.

काही यंत्रांत अतिताण आल्यास मुद्दाम तुटणारी एक मऊ पिन असते. ती वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट बसवला, तर पिनेऐवजी साखळी किंवा गिअरपेटी तुटते. पिन तुटणे ही अडथळ्याची सूचना आहे.

माल अडकण्याची कारणे बहुतेक आदल्या दिवसात सापडतात: ताडपत्रीविना उघडा राहिलेला ढीग, रात्रभर हॉपरमध्ये तसाच राहिलेला माल, सैल साखळी. पाळी संपताना यंत्र पूर्ण रिकामे करणे हा म्हणूनच स्वच्छतेइतकाच सुरक्षिततेचाही नियम आहे. माल गोठला असल्यास ट्रक उबदार जागेत उभा करून तो सुटू द्यावा. ज्योत वापरू नये. पेट्रोल इंजिन असलेले यंत्र बंद गॅरेजमध्ये चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो, हेही विसरू नये.

देखभाल

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच द्रावण बनते. कोकणात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. यंत्राच्या सांध्यांत राहिलेल्या मिठाचेही असेच होते आणि गंज चढण्याचा वेग उबेत वाढतो. परिणामी न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवलेले यंत्र बाहेर थंडीत राहिलेल्या यंत्रापेक्षा लवकर खराब होऊ शकते.

प्रत्येक वापरानंतर हॉपर, साखळीचा खालचा भाग, चकती आणि ट्रकची चौकट भरपूर पाण्याने धुतात. जोरदार फवारा बेअरिंग आणि विद्युत जोडण्यांवर थेट मारू नये, कारण त्याने खारे पाणी आत ढकलले जाते. धुतल्यानंतर बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरल्यास उरलेले पाणी बाहेर पडते. साखळीला तेल द्यावे आणि यंत्र रिकामे असतानाच काही मिनिटे फिरवून ते कड्यांत मुरू द्यावे. न वापरलेल्या साखळीची कडी गंजून ताठ होतात आणि पुढच्या वेळी नेमक्या वादळी रात्री ती तुटते. ताण दोन्ही बाजूंनी सारखा ठेवावा, अन्यथा साखळी तिरकी चालून दाते झिजतात. विद्युत जोडण्यांवर पाणी रोखणारे ग्रीस लावतात.

स्टेनलेस पोलादाचे किंवा प्लास्टिकचे हॉपर गंजास अधिक टिकतात, पण त्यांवरील साखळी, आस आणि बोल्ट बहुधा साध्या पोलादाचेच असतात. ट्रकच्या ब्रेकच्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. तेथील गंज नळी फुटेपर्यंत दिसत नाही. हंगामाअखेर यंत्र ट्रकवरून उतरवून, साखळी सैल करून, झडप उघडी ठेवून आणि खरवडलेल्या जागी रंग देऊन कोरड्या जागी ठेवतात.

पर्यावरणावरील परिणाम

रस्त्यावर पडलेले मीठ नाहीसे होत नाही. ते ओढ्यांत, भूजलात आणि कडेच्या मातीत जाते. क्लोराइड पाण्यातून सहजी काढता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड अशी १९८८ मध्ये ठरवली. चमचाभर मीठ साधारण १३ लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेते. कॅनडाच्या शासनाने २००१ मध्ये रस्त्यांवरील मिठाचे मूल्यमापन करून ते पर्यावरणास हानिकारक ठरवले आणि २००४ मध्ये त्याच्या वापरासाठी आचारसंहिता काढली. तीत मिठाचा साठा, पसरण्याची पद्धत आणि बर्फ टाकण्याच्या जागा यांचा विचार केला आहे. जर्मनीतील अनेक नगरपालिकांनी खाजगी व्यक्तींना पदपथांवर मीठ टाकण्यास मनाई केली आहे. वाळूचा उपद्रव वेगळ्या स्वरूपाचा असतो: ती गटारे तुंबवते आणि वसंतात कोरडी होऊन धुळीच्या रूपाने हवेत मिसळते. मिठाचा साठा छपराखाली, पाणी न झिरपणाऱ्या फरशीवर ठेवल्यास गळती थांबते आणि हॉपरमध्ये जाणारा मालही कोरडा राहतो.